कुडावरची पाच बोटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. यंदा होळीला आमची लेक माहेरी आली, हळद उगाळायला बसली, आणि त्या वासानं मला शवागाराच्या दारात नेऊन उभं केलं.

मी तेव्हा हवालदार होतो. खालापूरकडच्या एका वाडीतली सून विहिरीत सापडली होती. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली, तर पोस्टमॉर्टेमआधी तहसीलदारांनी पंचनामा करायचा असतो. सासरा माझ्या ओळखीचा. त्याच्या शब्दाखातर मी कागदावर नऊ वर्षं लिहिली.

डॉक्टरबाईंनी तो कागद मोठ्यानं वाचला, तशी पायरीवर बसलेली मुलीची आई उठली.

"नऊ? नाय बाय. लगीन झाल्यापासनं दर होळीला लेक यायची, आमच्या कुडाच्या भितीला हळदीचं एक बोट लावायची. पाच हायत. चला, दावते."

"म्हातारीला मोजता कुठं येतं!" सासरा हसला.

"पाचापत्तूर येतंय रं मला."

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढून ठेवले. "तहसीलदार येईपर्यंत मी हात लावणार नाही. हवालदार, हे नऊ कुठून आले?"

"लिहिताना चुकलं," मी म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं.

तहसीलदार आले. त्यांच्यासमोर ताठ उभं राहून मुलीच्या आईनं सगळं सांगितलं, मग अंगठा उठवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढी ताठ मान मी दुसरी पाहिली नाही. तिचा मला आजही अभिमान वाटतो.

ती अजून त्याच कुडाच्या घरात राहते. ते नऊ मी मुद्दाम लिहिले होते, हे तिच्या तोंडावर सांगायचं, एवढं मी तिचं देणं लागतो.