एकटेपणा मोजणाऱ्या मिनलताई

मिनलताई आमच्या नागपूरच्या संस्थेत मोजायचं काम करतात. बाकीचे आम्ही प्रकल्प राबवतो आणि त्यानं कुणाचं खरंच भलं झालं का, ते त्या बघतात. अशा माणसाला ऑफिसात कोण जवळ करणार? शिबिराला किती लोक आले ते आम्ही छाती फुगवून सांगायचो, तर ताई विचारायच्या, पुढे त्यांच्यात काय बदललं? साध्या गप्पांतही त्या पुरावा मागायच्या, म्हणून डबा खायला खिडकीपाशी एकट्याच असायच्या.

कामठीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही काम सुरू केलं. दर आठवड्याला आमचा कार्यकर्ता घरी जाऊन तासभर गप्पा मारणार. ताईंनी ठरवलं की निम्म्याच घरी कार्यकर्ता जाईल. उरलेल्या घरी नाही; प्रश्न विचारायला मात्र सहा-सहा महिन्यांनी त्या स्वतः सगळ्याच घरी जातील. दोन्हींत जो फरक दिसेल, तेवढाच आमच्या कामाचा गुण. कोणाच्या वाट्याला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्या माणसाला 'कोणी येतं का' विचारायचं आणि उठून यायचं, हा कसला प्रकार? मी तसं तोंडावर बोललो. ताई शांतपणे म्हणाल्या, फरकच कळला नाही तर पुढच्या गावी कोणत्या तोंडानं जायचं?

'एकटं वाटतं का' असं त्या विचारत नसत, कारण त्याला कोणी हो म्हणत नाही. त्यांचा प्रश्न असायचा, मागच्या आठवड्यात घरी येऊन कोण बसलं?

सुभद्राबाई कार्यकर्ता न जाणाऱ्या निम्म्यांतल्या. नवरा पॉवरलूमवर कामाला होता, तो गेल्यापासून खोलीत एकट्या. पहिल्या वेळी त्या 'कोणी नाही' म्हणाल्या आणि ताईंचा हात सोडेनात. दुसऱ्या वेळी ताई यायच्या म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून दारात बसल्या होत्या. उत्तर तेच. त्या दिवशी ताईंनी पहिल्यांदा माझ्या टेबलावर डबा उघडला आणि जेवण होईपर्यंत सुभद्राबाईंबद्दलच बोलल्या. आई गेल्यापासून ताईंच्या घराचं कुलूप त्याच लावतात, त्याच उघडतात. कोणी वाट पाहावी असं त्यांना हे एकच घर मिळालं होतं.

तिसऱ्या वेळी ताई पोचल्या तेव्हा सुभद्राबाईंच्या अंगणात दोन बायका कुरडया घालत होत्या, हसणं-खिदळणं चाललं होतं. ताईंना पाहताच सुभद्राबाईंनी दोघींना घाईघाईनं घरी धाडलं. मग चेहरा पाडून म्हणाल्या, कोणी नाही येत.

"आत्ता त्या दोघी कोण होत्या, आजी?" ताईंनी विचारलं.

सुभद्राबाईंनी ताईंच्या हातातल्या कागदावर हात ठेवला. "त्याइले लिहू नको वं माय. कोणी येते म्हणून लिहिलं, तं तू काहून येशीन?"

मग सगळं बाहेर आलं. हिच्याकडे नागपूरहून मॅडम येतात म्हटल्यावर शेजारणी आधी चौकशीला आल्या आणि पुढे रोजच्याच झाल्या. आमच्या कार्यकर्त्यानं नव्हे, ताईंच्या मोजण्यानंच माणसं आणली होती.

ताईंनी 'कोणी नाही' एवढंच लिहिलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि आमचा फरकही छान मोठा दिसला असता. पण त्यांनी ऑफिसात सगळं सांगितलं. मोजण्याचाच परिणाम झाला म्हणून सुभद्राबाईंचं घर अभ्यासातून वगळलं गेलं. आता तिथं जायला ताईंकडे काही कामच उरलं नाही.

नुसतंच भेटायला जा की, असं मीच त्यांना सुचवलं. पाहुणी म्हणून कोणाकडे जायची त्यांना सवय नव्हती. काय बोलायचं असतं, असंही त्यांनी मला विचारलं. शेवटी एका रविवारी इतवारीच्या बाजारातून कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन त्या कामठीच्या बसमध्ये बसल्या.

दाराला कुलूप होतं. गल्लीतल्या बायकांबरोबर सुभद्राबाई रामटेकला गेल्यात, असं समोरच्या घरातून कळलं. ताईंनी सांबारवडीचा पुडा त्याच घरी दिला. कोण आलं होतं म्हणून सांगू, असं तिथल्या बाईनं विचारलं, तेव्हा बसची वेळ झाली म्हणत त्या निघाल्या.

सोमवारी त्यांनी हे सगळं मला अगदी कोरड्या आवाजात सांगितलं. म्हातारीला सोबत मिळाली, हे चांगलंच झालं, असं मी म्हणालो.

"चांगलंच झालं, भाऊ," ताई म्हणाल्या. "मले आनंद व्हायले पाहिजे होता. अन् मी बस स्टॉपवर बसून रडून राहिली होती."