एकोणिसाचा पाढा आणि पुढची सीट

ऐंशीच्या दशकात आमच्या डोंबिवलीत मुलाला शाळेत घालणं एक वेळ सोपं होतं, चांगल्या रिक्षात घालणं कठीण. आमच्या बिल्डिंगचा रिक्षावाला चांगल्यातला चांगला. ते खाडीकाठच्या कोळ्यांपैकी. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरलं, मासळी गेली, तेव्हा होडी विकून त्यांनी रिक्षा घेतली होती. मुलं त्यांना काका म्हणत, म्हणून आम्ही आयाही काकाच म्हणायचो. वयाने ते आमच्याहून लहान होते, पण शाळेची रिक्षा चालवणारा कुठल्याही वयाचा काकाच असतो.

रिक्षात प्रवासी तीन, असा कायदा होता. काकांच्या रिक्षात मुलं अकरा. मागच्या सीटवर पाच, त्यांच्यासमोर आडव्या टाकलेल्या फळीवर चार, आणि काकांच्या स्वतःच्या सीटवर डावी-उजवीकडे एकेक. दप्तरं बाहेर लटकलेली, त्यांच्यावर वॉटरबॅगा. चौकातला हवालदार हे रोज बघायचा आणि रोज हात हलवायचा. फळीवरच्या चौघांतला एक त्याचाच होता, करतो काय बिचारा!

माझी मुलगी चौथीत. मागे बसली की तिला मळमळायचं, म्हणून काकांच्या शेजारची जागा तिला मिळावी यासाठी मी महिनाभर त्यांच्यामागे भुणभुण लावली होती. त्या जागेला दार नाही, धरायला धड दांडी नाही, अर्धी मांडी बाहेर. ती जागा मिळाली तेव्हा मी तिन्ही मजल्यांवर बातमी पोचवली, जशी काही पोरगी बोर्डात आली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

पडण्या-झडण्याची धास्ती आम्हाला नव्हतीच. आम्हाला धास्ती एकाच गोष्टीची, स्कॉलरशिपच्या परीक्षेची. पोरं शाळेत जाताना वीस मिनिटं आणि येताना वीस मिनिटं नुसता कलकलाट करतात, हे माझ्या डोळ्यांत खुपत होतं. शेवटी एकदा मी म्हटलंच, "अहो काका, जाता-जाता यांचे पाढे घेत चला की. तेवढाच अभ्यास होईल."

काकांनी डोकं खाजवलं. "मी? बघतो ताई."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीतून पाढे म्हणत रिक्षा जाऊ लागली. एकेकाची पाळी असे. काका त्याच्याकडे मान वळवून बघत राहायचे, मग म्हणायचे, "बरोबर, पुढे," नाहीतर, "परत म्हण." सगळ्या आया खूश. कोणी सकाळी फर्मान सोडी, "आमच्याचे तेराचे कच्चे आहेत हं." कोणी म्हणे, "हिला सतरा दोनदा म्हणायला लावा." रिक्षा वळणावर वळते आहे आणि चालवणाऱ्याचं तोंड मागच्या सीटकडे आहे, हे आम्ही गॅलरीतून रोज बघत होतो. कोणी म्हणालं का, "अहो, पुढे बघा"? छे! आम्ही एकमेकींना म्हणायचो, "बघा हो, किती जीव लावून शिकवतो!"

एके दिवशी सकाळी मुलीला बसवताना मी सांगितलं, "हिचा एकोणिसाचा घ्या आज. सत्तेला अडकते. नीट येईपर्यंत सोडू नका."

मानपाडा रोडच्या वळणावर भाजीची हातगाडी आडवी आली. काकांनी ब्रेक मारला तो उशिरा, कारण त्यांचं तोंड माझ्या मुलीकडे होतं. बाकीच्यांना टेंगळं आली. माझी मुलगी बाहेर फेकली गेली आणि डावा हात कोपरात मोडला. काकांनी दहा पोरं त्या भाजीवाल्याच्या हवाली केली, आणि हिला उचलून दवाखान्यापर्यंत धावत नेलं.

निरोप आला तशी मी धावले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि जीव थाऱ्यावर नसला की माझ्या तोंडाला धार येते. पोरीला जवळ घेतलं आणि भर दवाखान्यात काकांवर तुटून पडले. "लक्ष कुठे होतं तुमचं? कोणाच्या भरवशावर पोरं देतो आम्ही? डोळे फुटले होते का?" ते मुलीचा एक बूट हातात धरून खाली मान घालून उभे. 'ताई, तुम्हीच सांगितलंत,' एवढं त्यांनी म्हटलं असतं, तर माझी बोलती तिथेच बंद झाली असती.

संध्याकाळी गच्चीवर बैठक बसली. सतरा दोनदा म्हणायला लावणाऱ्या बाईच सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बेजबाबदार माणूस!" काकांना काढायचं ठरलं. अकरा मुलं गेली की त्या माणसाच्या घरी चूल कशी पेटणार, हे प्रत्येकीला माहीत होतं. मीही हात वर केला. चांगला उंच केला.

दिवेलागणीला मुलीला वरणभात भरवत होते. तिच्या कानावर बैठकीचं आलेलं. ती म्हणाली, "आई, काकांना काढू नका ना. मी एकोणीस सत्ते ठोकून दिलं, म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मला नीट येत असतं तर त्यांनी पुढे बघितलं असतं."

घास माझ्या हातातच राहिला. लाज वाटली, सरळ सांगते. काकांनी दोष घेतला होता, नऊ वर्षांची पोर प्लॅस्टर घालून दोष घ्यायला तयार होती, आणि मी तेवढी सोवळ्यात!

सकाळी रिक्षा स्टँडवर गेले. काका एकटेच बसले होते. म्हटलं, "काका, पाढे घ्यायला मी सांगितलं होतं. काल एकोणिसाचंही मीच सांगितलं. कालच बोलायला हवं होतं. आज सगळ्यांना सांगणार आहे, तुम्हाला काढू देणार नाही." इथे थांबावं की नाही? पण स्वभावाला औषध नाही. वर आणि म्हणालेच, "पण काका, पाढे कानांनी ऐकायचे ना हो! मान कशाला वळवायची?"

काका ओशाळून हसले.

"ताई, माझी शाळा दुसरीला सुटली. मला पाढे येतात ते दहापर्यंत. तुम्ही एवढ्या विश्वासानं सांगितलंत, नाय कसं म्हणू? मग मी पोरांच्या तोंडाकडं बघायचो. पोर चुकलं की जरा घाबरतं, लगेच कळतं. तुमच्या पोरीचं तेवढं नाय कळत. चुकली तरी तोंडावर काय दिसतच नाय. म्हणून तिच्याकडं जास्त वेळ बघायला लागलं."