मोठेबाबा आणि शाळेचं पाणी

आमच्या मोठेबाबांइतका भित्रा माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतक्या शाळा हिंडलेला माणूसही दुसरा झाला नसेल. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते स्वतः शाळेत जेमतेम एक पावसाळा गेले, तेही वर्गात नाही, बाहेरच्या ओट्यावर बसून. एके दिवशी तिथून उठून आले ते परत गेलेच नाहीत. का आले, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्यांना कशाची भीती वाटत नसे ते सांगणं सोपं. तळेगावहून मोटरीत बसले की उतरेपर्यंत पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरत, जणू ती सुटली तर मोटर त्यांना टाकून पुढे निघून जाईल. बेचाळीसमध्ये आष्टीत धरपकड सुरू झाली तेव्हा त्यांचा तिथल्या कशाशीच संबंध नव्हता, तरी बातमी गावात पोचताच ते कडब्याच्या गंजीत शिरले. शेवटी त्यांच्या बायकोनं, आमच्या मोठीआईनं, गरम भाकर गंजीजवळ नेऊन त्यांना बाहेर काढलं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले तेही त्यांनीच. आम्हाला वाटलं, आता भीती गेली. झालं उलटंच. पूर्वी छातीत धडधडलं की ते नवस बोलत, गिरडच्या दर्ग्याला जाऊन येत. आता ती सोय राहिली नव्हती. मी चौथी पास होणार असं दिसू लागलं आणि ते वडिलांना म्हणाले, "पोरीच्या शाळेसाठी आता नवस कोनाले करू? आपलंच आपल्याले पाहा लागते बापा." आणि धुतलेला सदरा घालून ते शाळा पाहायला निघाले.

गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती. बाहेर शाळा मिळाली नाही तर पावसाळ्यात मला आईबरोबर निंदणाला जायचं होतं. विळा कोणता द्यायचा तेही आईच्या मनात ठरलं होतं. मला तो विळा दिसला की मी त्याच्याकडे पाठ करून बसे.

मोठेबाबांची शाळा पाहण्याची रीत एकच. मधल्या सुट्टीच्या सुमाराला शाळेत जायचं, झाडाखाली बसायचं आणि जो कुणी पहिला दिसेल त्याला म्हणायचं, "तहान लागली बापा, पानी भेटन काय?" पुढची सगळी परीक्षा त्या पाण्यातच होती. कोण देतं, कशात देतं, किती उंचावरून देतं. मास्तर किती आहेत, निकाल कसा लागतो, गणित कोण शिकवतं, यातलं एक अक्षर त्यांनी कुठं विचारलं नाही. वडील वैतागत. आई थोरल्या दिराशी समोरून बोलत नसे, म्हणून ती चुलीशी बोले: "शाळा पाहायले जाते का पानी प्यायले, कोनाले ठाऊक! पोरगी म्हातारी होईन तवा याइले पानी पसंत पडन!"

पहिली शाळा जवळच्याच एका गावातली. तिथं मास्तरांनी पाणी मागितलेलं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. मोठेबाबा शाळा सुटेपर्यंत बसून राहिले. त्या शाळेविषयी घरात कुणी वाद घातला नाही.

दुसरी शाळा वर्ध्याकडची, आश्रमातली. तिथं मुलं सूत कातत, भाजी लावत, स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. मोठेबाबा परत आले ते ओठ सुकलेले. म्हणाले, "पानी देत नाई."

"अशे कशे देत नाई?" वडील म्हणाले. "ते तं सगळ्याइले सारखं मानतात."

"मी मांगितलं, तं म्हने, ती विहीर, तो दोर. काढून घ्या."

वडील कपाळाला हात लावून खाली बसले. "अरे दादा, लोक गिलास देत नाई, त्याईनं तं तुले विहीरच देल्ली ना!"

जन्मात मोठेबाबांनी गावच्या विहिरीच्या दोराला हात लावला नव्हता. आश्रमातला दोर त्यांनी उचलला होता, मागं वळून पाहिलं होतं, आणि हळूच खाली ठेवून दिला होता. कुणी ओरडलं नव्हतं, याचीच त्यांना जास्त भीती वाटली. थोड्या वेळानं त्यांनी दुसरं कारण काढलं, "अन् तिथं पोराइले झाडू माराले शिकवते. झाडूच माराचा तं शाळा काऊन?" यावर मात्र वडिलांनीही त्या शाळेचं नाव सोडलं.

तिसरी नागपूरची मिशनची. तिथं एका बाईनं काचेच्या ग्लासात पाणी दिलं, वर हसलीही. मोठेबाबा तिच्या हसण्यालाच घाबरले. "आताच तं धर्म बदलून आलो. आनखी बदलवा लागन काय?"

राहिली आर्वी. तिथं माझी मावशी राही, म्हणून माझा सगळा जीव त्या शाळेत अडकला होता. मोठेबाबा संध्याकाळी परतले आणि न जेवता बाजेवर पडले. मी पाय चेपायला बसले तेव्हा भिंतीकडे पाहत म्हणाले, "चपराशानं वरून टाकलं, माय. हातभर वरून." त्या रात्री मला झोप लागली नाही.

जुलै उजाडला. शाळा सुरू झाल्या. आईनं विळ्याला धार लावून आणली. वडील चिडून म्हणाले, "आता मीच जातो आर्वीले." मोठेबाबा उठून बसले. "तुले काई समजत नाई. मीच पाहून येतो एक डाव." आणि भर पावसात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ते गेले.

परत आले ते दारातूनच हसत. मागून चिखल आत येत होता. चपराशानं त्यांना पुन्हा तसंच हातभर वरून पाणी घातलं होतं. ते उठणार, इतक्यात हेडमास्तर बाहेर आले. सदऱ्यातून जानवं दिसत होतं. ते वाकले, त्यांनी ओंजळ केली, आणि चपराशानं त्याच लोट्यानं तितक्याच वरून त्यांनाही पाणी घातलं.

"मी इचारलं, काऊन बापा, हेडमास्तरालेही वरूनच? तं तो म्हने, मंग काय करू? पोट्ट्याइनं सगळे गिलास पळवले. आता कलेक्टर आला तरी ओंजळच कराची!"

आईसुद्धा चुलीपुढं तोंडात पदर घालून हसली. मोठेबाबा हसता हसता सांगत होते की नाव टाकून आलो, अंगठा देऊन आलो.

शाळेत मला सोडायलाही तेच आले. मधल्या सुट्टीत मुलींची रांग लागली. मी ओंजळ केली, पाणी प्याले, तोंड पुसलं. ते कुंपणाच्या तारेपलीकडे उभे होते.

"देल्लं?"

"देल्लं."

"सगळ्याइसारखंच?"

"हो."

"भेव लागते काय तुले?"

"नाई," मी म्हणाले. ते खोटं होतं.

"मले लागते," मोठेबाबा म्हणाले. "जाय आता. घंटा होईन."

मी बी.ए. झाले तेव्हा ते राहिले नव्हते. पण शाळेच्या त्या पहिल्या दिवसाचा विचार आला की मला अजून तो वर्ग आठवतो. माझी जागा खिडकीजवळ होती. तळेगावची मोटर गेल्याचा आवाज आला तेव्हा मी बाहेर पाहिलं. मोठेबाबा गेले नव्हते. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ते तारेपलीकडे उभे राहून माझ्या वाट्याचं भिऊन घेत होते, आणि मी आत बसून भूगोल शिकत होते.