मोकळ्या जागेची पत्रिका

शेणव्याचा भगीरथ आधी गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचा. पुढं शहापूरच्या सायबर कॅफेत बसून तो कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकला आणि लग्नपत्रिका, बॅनर संगणकावर करू लागला. तेव्हापासून स्वारी स्वतःला ‘फ्रीलान्स डिझायनर’ म्हणवून घेई. त्याची आई सुंदराबाई विचारणाऱ्याला सांगे, “नोकरी नाय, पन काम हाय.”

दोन हजार सात सालची गोष्ट. ऑर्कुटवर डिझायनर लोकांची एक कम्युनिटी होती. भगीरथ तिथं आपली कामं टाकायचा आणि पुण्या-नागपूरचे कधी न पाहिलेले गुरू त्याला धारेवर धरायचे. धाकट्या बहिणीची, प्रेमाची, लग्नपत्रिका टाकली तेव्हा तर ते तुटूनच पडले. “ही पत्रिका आहे की मतदारयादी? मोकळी जागा सोड, मित्रा!”

ऐकावं जनाचं, करावं मनाचं. पण भगीरथनं केलंही जनाचंच. काका, आत्या, मामा, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली, सगळ्यांना त्यानं कात्री लावली. उरली नवरानवरीची नावं, तिथी, स्थळ आणि खाली नुसतं पांढरंशुभ्र मैदान. कम्युनिटीनं वाहवा केली. गडी इतका फुगला, की घरात न दाखवताच अडीचशे पत्रिका छापून मोकळा झाला.

पहिला मान मामाचा. मुरबाडकडं टोकावड्याला धाऊमामा राहायचा, तिथं भगीरथ मोठ्या ऐटीत पत्रिका घेऊन गेला. मामानं ती उलटी केली, सुलटी केली, पाकिटात बोट घालून पाहिलं.

“दुसरा कागद कुठं हाय रे?”

“हीच पत्रिका, मामा.”

“आन् माजं नाव?”

“तिथं मोकळी जागा ठेवलीय. डोळ्यांना बरं वाटतं.”

“मी जित्ता हाय ना अजून?” मामानं पत्रिका परत त्याच्या हातात दिली. “मंग वाटू दे डोळ्यांना बरं. मी येत नाय.”

भगीरथच्या पायाखालची जमीन सरकली. मांडवात नवरीच्या पाठीशी उभा राहतो तो मामा, आणि प्रेमाला हा एकुलता एक. बाप तर केव्हाच गेलेला. आता आपल्या मोकळ्या जागेपायी पोरीची पाठही मोकळी राहणार, या विचारानं त्याला रडू फुटलं.

घरी सुंदराबाईनं पत्रिका पाहिली आणि लेकाचा यथासांग उद्धार केला. मग सकाळी सगळा गठ्ठा पिशवीत भरला, वर बॉलपेनं टाकली आणि लेकाला घेऊन एसटीनं माहेरी धडकली.

“धाऊ,” गठ्ठा भावापुढं ठेवत ती म्हणाली, “छापलेलं नाव काय, मशीन लिवतं. तुज्यासाटी जागा राखलीय. तुज्या हातानं लिव.”

मामा चौथी शिकलेला. त्यानं चष्मा पुसला, मांडी घातली आणि पहिल्या पत्रिकेवर भल्यामोठ्या अक्षरात नाव काढलं. अडीचशे पत्रिका व्हायला दोन दिवस लागले, पण दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही. तिथून गठ्ठा किन्हवलीला महादूकाकाकडं गेला. काकानं मामाचं अक्षर पाहिलं आणि आपलं नाव त्याहून बोटभर मोठं काढलं. मग आत्या, मावश्या, चिल्लीपिल्ली. गठ्ठा शेणव्याला परतला तेव्हा एकाही पत्रिकेवर मुंगी बसायला जागा नव्हती.

लग्नाला मामा तासभर आधीच हजर. प्रेमाच्या पाठीशी ताठ उभा राहिला आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत ढसाढसा रडला. भगीरथही रडला.

आठवड्यानं त्यानं ती भरगच्च पत्रिका स्कॅन केली आणि शरमत कम्युनिटीवर टाकली. आता शिव्या खायची तयारी होतीच. पण गुरुजन वेडेच झाले. “जबरदस्त! आणि ते वरचं ‘धाऊ’, काय अक्षर आहे! फॉन्ट कुठला? लिंक दे!”

भगीरथनं बराच विचार करून लिहिलं, “लिंक नाय, मामा हाय. टोकावड्याची एसटी पकडा. पन आधी पत्रिकेत त्याचं नाव घाला.”