लोड: नाम की क्रियापद?

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवण्या घ्यायच्या नाहीत, हे पक्कं ठरवलं होतं. पण आमच्या बिबवेवाडीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या बाईंनी एका रविवारी सकाळी बेल वाजवली आणि बारावीचं इंग्रजी शिकवाल का, असं विचारलं. वय छत्तीस, मूळच्या यवतमाळकडच्या, मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. इंग्रजीत बारावी राहिली आणि लगेच लग्न झालं. आता बाहेरून परीक्षेला बसायचं होतं. मला नाही म्हणवलं नाही.

पहिला धडा नाम आणि क्रियापदाचा. माणसाचं, जागेचं, वस्तूचं नाव ते नाम. क्रिया दाखवणारा शब्द ते क्रियापद. उदाहरण त्यांच्याच कामातलं घेतलं: 'दे लोड द ट्रक'. यात लोड हे क्रियापद.

"नाही मॅडम," त्या शांतपणे म्हणाल्या. "लोड करणे. करणे हे क्रियापद. लोड नाम."

इंग्रजीत 'करणे' लावावं लागत नाही, हे मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. मग 'लोडिंग इज ओव्हर' मधलं लोडिंग नाम आहे म्हटल्यावर विचारलं, लोडिंग ही तर क्रियाच ना, मग नाम काहून? पार्क, चेक, बुक, सगळ्यांची हीच गत. एकच यादी मी चार रविवार लिहून दिली. चारही वेळा 'बुक द टिकेट' मधलं बुक नाम ठरलं.

पाचव्या रविवारी माझा तोल गेला. "अहो, सातवीतल्या मुलींना कळतं हे. तुम्हाला नाही जमायचं."

त्यांनी वही मिटली, चहाचा कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि गेल्या. पुढचे दोन रविवार आल्या नाहीत.

आधी सुटल्यासारखं वाटलं. मग चिडचिड होत राहिली, म्हणून पेन्सिल घेऊन इंग्रजी पेपरातल्या एका बातमीवर माझीच व्याख्या लावून बघितली. दुसऱ्याच ओळीत 'अरायव्हल' आला. येणं ही क्रिया, शब्द मात्र नाम. पुढे 'फाइट', 'डिले', 'अटॅक'. व्याख्याच लंगडी होती आणि मी ती तीस वर्षं मुलींकडून घोकून घेतली होती. आता राग कुणावर काढायचा?

खाली जाऊन बेल वाजवली. चूक व्याख्येची होती, तुमची नव्हती, असं सांगितलं.

"हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

त्यानंतर शब्दाचा अर्थ बघायचं आम्ही सोडून दिलं. शब्दाच्या आधी काय येतं ते बघायचं. 'द' किंवा 'माय' असेल तर बहुतेक वेळा नाम. 'टू', 'कॅन', 'विल' असेल तर बहुधा क्रियापद. द लोड, टू लोड. तीन रविवारांत त्या माझ्यापेक्षा भराभर सांगायला लागल्या.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आल्या. मी अभिनंदन केलं, तर बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, 'आय पास्ड' मधलं पास क्रियापद. मग 'मी पास झाले' यातलं पास काय?"

ते मराठीच्या बाईंना विचारा, असं म्हणून मी पेढा तोंडात टाकला. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि प्रश्न पेढ्यांच्या पाकिटावरच लिहून ठेवला.