गडवाभर पाणी

"पाठ फिरव," मुकादम म्हणाला.

मी फिरवली.

"आता पाहा साहेब, ओल कुठून आली ते."

साहेब म्हणजे रुई खरेदीला आलेला अकोल्याचा व्यापारी. नुकताच त्याने रुईच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता आणि हात ओला निघाला होता. ओल्या मालाचा सौदा मोडतो. मुकादमाची नजर घाबरून चहूकडे फिरली आणि माझ्या साडीवर येऊन थांबली. साडी काळी, मुद्दाम काळी. पण मागे जिथे ओल होती तिथे रुई चिकटली होती. सशाचं शेपूट लावल्यासारखी. सगळ्या बाया, सगळे हमाल त्या शेपटाकडे पाहत होते. एवढे प्रेक्षक मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

ही नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरची जिनिंग, कापसातली सरकी काढून रुई करायचा कारखाना. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, घरचा वेचणंही परवडत नव्हतं, म्हणून आम्ही शेतातल्या बाया दुसऱ्याच्या रुईतला कचरा निवडायला जात होतो. रुईची बारीक कुस उडते, घशात बसते, खोकला येतो. आणि तिसऱ्या बाळंतपणापासून खोकल्याबरोबर मला ते व्हायचं. शिंकले की व्हायचं. भरली टोपली उचलली की व्हायचं.

जिनिंगमध्ये संडास एकच. कुलपात. किल्ली मुकादमाच्या कमरेला. आमच्यासाठी कुंपणापलीकडच्या बाभळी, त्याही फक्त जेवणाच्या सुट्टीत.

मग मी उपाय केले. आत जुन्या धोतराची घडी. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. उन्हाळ्यात जीभ पापडासारखी व्हायची, तरी खोकला यायचा, तरी व्हायचं. जेवताना शेजारची शबानाबी डबा घेऊन जरा पलीकडे सरकायची. मुकादमाने तर नावच ठेवलं होतं.

"ए गळके, टोपली उचल."

मी उचलायची. वरून हसायचीसुद्धा.

त्या दिवशी तो म्हणाला, "हिचंच काम हाय, साहेब. मालावरच मुतून ठेवते."

व्यापाऱ्याने रुमाल काढला. एकेक बोट पुसलं. मग रुमाल दोन बोटांत धरून लांब फेकला.

डाग माझा होता. तो मी रोज धूत होते, रोज लपवत होते. पण व्यापाऱ्याच्या हातावरचं पाणी माझं नव्हतं. सकाळी आम्ही आलो तेव्हा मुकादम पाइप धरून रुईवर पाणी मारत होता. वजन वाढतं ना. सगळ्या जिनिंगला माहीत होतं. त्या दिवशी त्याचा हात जरा सैल सुटला, एवढंच.

मला हसू आलं. खोटं नाही, पोट धरून हसले. आणि हसलं तरी होतं, हे सांगायचं राहिलं. तिथेच झालं, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. पहिल्यांदाच मी पाय आवळले नाहीत.

"मुकादम," मी म्हणाले, "मले होते. खोकली का होते, हासली का होते. आताबी झालं, पाहून घ्या. पण माहं काम ओंजळभराचं. हा ढीग भिजवाले मले अख्खं धरण प्या लागन. अन तुमच्या किल्लीपायी मी तं घोटभरबी पेत नाही."

मग व्यापाऱ्याकडे वळले. "साहेब, तो पाइप पाहा. सकाळी मुकादम रुईले आंघोळ घालून राहिले होते."

मुकादम कमरेची किल्ली वाजवत माझ्याकडे आला.

"तोंड सांभाळ, गळके."

तेवढ्यात शबानाबी उठली. जेवताना पलीकडे सरकणारी तीच.

"मेरेकू भी होता," ती म्हणाली. "दो साल से. होता तो मैं ऊपर से चाय गिरा लेती. मेरेकू भी बोलो गळकी."

मागून एक म्हातारी बोलली, "मलेबी होते, बाप्पा." मग आणखी एक.

आम्ही सगळ्या एकमेकींपासून दूर सरकत होतो, ते घाण वाटून नाही. आपलाच वास शेजारणीला येईल म्हणून.

सौदा मोडला. संध्याकाळी मला काढलं. शबानाबीलाही. संडासाला दुसरी किल्ली झाली नाही.

आता मी दुसऱ्या एका जिनिंगला जाते. पहिल्या दिवशी फाटकातच विचारलं, मोठ्याने, "संडास कुठं हाय? किल्ली कोनापाशी हाय?" मजुरीचं नंतर विचारलं. किल्ली इथेही मुकादमापाशीच; तो अजून नजर चुकवतो.

दुखणं गेलेलं नाही. पण रोज सकाळी मी मुकादमासमोर उभी राहून गडवाभर पाणी पिते. सगळं. रुई उडते, खोकला येतो, होतं. मग मी उठते आणि सगळ्यांदेखत किल्लीसाठी हात पुढे करते. विनवत नाही.

किल्ली पडेपर्यंत हात मागे घेत नाही.