बिडीचं नाव

कादंबरी छापायला घेतली तेव्हा पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. "दोन-तीन गोष्टी कायद्याच्या आहेत," त्या म्हणाल्या. बिडी वळणाऱ्या बायकांवरच्या कादंबरीशी कायद्याचं काय देणंघेणं?

पहिली गोष्ट, सुरुवातीला दिलेल्या कवितेच्या ओळी. कवीला जाऊन पुरेशी वर्षं झालेली नाहीत, वारसांची परवानगी लागेल. त्या मी लगेच काढल्या. खरं सांगायचं तर शोभेलाच होत्या. दुसरी, बायका बिड्या वळताना रेडिओबरोबर म्हणतात ते सिनेमाचं गाणं. उल्लेख चालेल, ओळी छापायच्या नाहीत. चहा, सायकल, दंतमंजन यांची नावं मात्र खुशाल ठेवा. पात्रानं अमुक चहा प्यायला म्हणून कोणी कोर्टात जात नाही.

"पण बिडीचं नाव बदला."

इथं माझं डोकं फिरलं. "चहाचं चालते तं बिडीचं काहून नाही?" रागावले की माझी शाळेत शिकवायची मराठी सुटते.

त्यांनी शांतपणे समजावलं. नाव नोंदलेलं असलं तरी ते नुसतं घेणं हा गुन्हा नाही. पण तुमच्या एका प्रकरणात त्या बिडीचा सट्टेदार, म्हणजे कंपनी आणि बायका यांच्यातला मधला माणूस, बायकांना लुबाडतो. कंपनी अजून चालू आहे आणि आपल्याकडे पुरावा नाही. तिनं अब्रूनुकसानीचा दावा लावला तर प्रकाशक बुडेल. एकतर नाव काढा, नाहीतर तो प्रसंग.

त्यांचं चुकत नव्हतं, हेच जास्त झोंबलं. कारण कादंबरीतली बाई म्हणजे माझी आई, आणि आईला या पुस्तकातून एकच गोष्ट हवी होती : ती बिडी. भंडारा जिल्ह्यातल्या, कोंढ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात लग्न होऊन आल्यापासून बोटं वाकडी होईपर्यंत ती त्याच कंपनीची बिडी वळत होती. आता ती भंडाऱ्याला माझ्याकडे असते. शेजारणींना सांगत सुटली होती, "माह्या बिडीचं नाव पुस्तकात येऊन राह्यलं." जसा काही कारखाना तिचाच.

पण आमच्याकडे असंच होतं. बाईला विचारावं, काय करता, तर ती "बिडी वळते" म्हणून थांबत नसे, कंपनीचं नाव सांगे. सोयरीक जुळवतानासुद्धा पोरीच्या गुणांत ते नाव मोजलं जाई. नावाजलेल्या कंपनीची बिडी वळते म्हणजे पोरीचा हात सफाईचा.

मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग थो परसंग काढून टाक. सट्टेदार तं साऱ्याच कंपन्यायचे तसेच होते. नाव राहू दे."

"आणि गाण्याची ओळ पण नाही छापायची, आई. गाणं म्हणत होत्या, एवढंच."

"मंग लोकायले कोन्तं गाणं थे कसं समजन?" ती चिडली. कायद्यावर तिचा विश्वास तिथंच उडाला.

मला मात्र रडू येत होतं. तो प्रसंग म्हणजे पुस्तकाचा जीव होता. गावातल्या एका म्हातारीनं मला तो सांगितला होता, कोणाचा ते न सांगता, आणि मी तो नायिकेवर घातला होता. तरी आईच्या हौसेपुढे माझं पुस्तक ते काय! काढायचं ठरवलं. तेव्हा तीच म्हणाली, "एकदा वाचून तं दाखव, काय काढून राह्यली थे."

वाचलं. सट्टेदार बिड्यांचे कट्टे, म्हणजे बांधलेल्या जुड्या, दाबून बघतो आणि मनाला येईल तेवढ्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला टाकतो. छाटेची मजुरी नाही आणि बिडी परतही नाही. बायकांनी पाठ फिरवली की ती चांगल्या मालातच जाते. एक बाई, कडेवर तान्हं पोर, म्हणते, दादा, खराब आहेत तर माझ्या मला परत द्या. सट्टेदार हसतो. बाकीच्या बायका खाली बघतात.



"थे पोर तूच होती," आई म्हणाली.

मी तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला. तिला अजूनही राग येत होता, इतक्या वर्षांनी.

"हे नोको काढू. नावच काढ त्याहीचं."

"मग बिडीला नाव काय देऊ?"

ऐंशीच्या घरातली माझी आई चक्क लाजली. "माहंच दे नं."

दिलं. पुस्तकभर आता आईच्या नावाची बिडी आहे. संपादकबाईंना ते फार आवडलं. फक्त या नावाची बिडी कुठं नोंदलेली नाही ना, एवढं तपासून घ्या, म्हणाल्या. तपासलं. नव्हती. कंपनीच्या कागदांतही आईचं नाव कधी नव्हतं. वळलेल्या बिड्या मांडायचं कार्ड घरात एकच असे आणि ते माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या सासूचं होतं. आईनं जन्मभर वळलेल्या सगळ्या बिड्या आजीच्या नावावर जमा झाल्या.